वजा केलेली आठ वर्षं

पडदेताई जाग्या असताना जितक्या स्वप्नात असत, तितक्या झोपेतसुद्धा नसत. हातात टेप, ओठांत दोन टाचण्या आणि नजर खिडकीबाहेर कुठेतरी. ज्यांच्या घरी पडदे लावायचे असत त्या बायकांना आधी वाटे, हिचं लक्षच नाही, आता मापात घोळ होणार. घोळ कधीच होत नसे. पडदा टांगला की जमिनीला टेकतो न टेकतो असा उभा राही आणि त्या खोलीतला उजेडच बदले. पिवळ्या कापडातून गाळून आलेली दुपार टेबलावर पडली की तिथली साधी ताटलीसुद्धा कुणाच्या तरी आठवणीतली वाटे. मग त्याच बायका शेजारणीला सांगत, "तिलाच बोलव गं. जरा हरवलेली असते, पण हाताला तोड नाही."

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला कापडाचे तागे, खिडकीशी शिलाई मशीन आणि एक लांबच लांब कापायचं टेबल. मधल्या पातळ भिंतीपलीकडे नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता रेडिओ दुरुस्त करतंय कोण, असं विचारू नये. करणारे करतात. काही म्हातारी माणसं आपला जुना रेडिओ तान्ह्या पोरासारखा काखेत धरून आणत आणि रेडिओवाले तो तितक्याच हळुवारपणे उघडत. दिवसभर पलीकडून खरखर येई, मध्येच एखादं गाणं उमटे, पुन्हा खरखर. अलीकडून मशीनची टकटक. या दोन आवाजांत एकतीस वर्षांचा संसार झाला, एक लेक झाली, शिकली आणि लग्न करून लांब गेली.

दुपारच्या वेळी टकटक मंदावे. पाय मशीनवरच असत, पण ताई निघून गेलेल्या असत. कुठे, ते नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. जात त्या एका मोठ्या दालनात. एका नाटकघराच्या मागच्या अंगाला ते दालन होतं आणि त्याच्या जमिनीवर लालभडक मखमल पसरलेली असे, इतकी मोठी की तिच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाकडून ओ यायला वेळ लागावा. सहासात तरुण मुली चपला बाहेर काढून त्या मखमलीवर गुडघ्यांनी रांगत शिवत असत. दुपारी सगळ्याजणी त्याच कापडात गुरगुटून झोपत. जाग आली की गालावर मखमलीची लव उमटलेली असे. ताई त्या मुलींपैकी एक होत्या. पोहायला तिथेच असताना शिकल्या, बेकरीच्या वरची भाड्याची खोली तिथलीच, आणि पहाटे खालून येणाऱ्या पावाच्या वासाने जाग येण्याचं सुखही तिथलंच.

ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. अडचण एवढीच की हिशेबाने ती वर्षं झालीच नव्हती.

झालं होतं असं. लग्नाची बोलणी चालली तेव्हा ताई बत्तीस वर्षांच्या होत्या. समोर बसलेला मुलगा सत्तावीसचा, लाजरा, बोटांना सोल्डरिंगचे चटके बसलेला. त्याच्या थोरल्या बहिणीने विचारलं, "मुलीचं वय काय?" ताईंच्या आईने डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "चोवीस संपत आलंय." ताई मान खाली घालून बसल्या. त्यांना वाटलं, आई आत्ता हसेल आणि म्हणेल गंमत केली. आई हसली नाही. ताईही तोंडातून शब्द काढू शकल्या नाहीत, कारण तो मुलगा त्यांना आवडला होता. झालं. जन्माची नोंद कुठे केलेलीच नव्हती, शाळेचा दाखलाही कधी काढला नव्हता, त्यामुळे पुढचे सगळे कागद आईच्याच आकड्यावरून तयार झाले. शाळा संपली, शिवण शिकले, लग्न झालं, एवढीच ताईंची गोष्ट उरली. मधलं नाटकघर, त्या मुली, ती बेकरी, सगळं कापून बाजूला पडलं.

आई गेली. आईबरोबर खरा आकडा जाणणारं शेवटचं माणूसही गेलं. ताईंना वाढदिवसाला नवरा चिडवी, "अजून पोरच आहेस तू!" ताई हसत. खोटं असं इतकं अंगवळणी पडलं होतं की ते बोलताना खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे. शिवणारी माणसं प्रत्येक कापडात शिलाईसाठी थोडी जास्तीची सूट धरतात, तशी ही आयुष्यात धरलेली सूट, असं त्या स्वतःला समजावत. सूट वाढवायची असते, इथे कमी केली होती, एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी ताईंना थकवा येऊ लागला. शिडीवर चढून पडद्याचा दांडा बसवायचा म्हटलं की पाय भरून येत. पित्ताच्या खड्यांचा संशय म्हणून पोटाची सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, पण लिव्हरवर चरबी निघाली. साखर तर आधीपासून होतीच. मग लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. काउंटरवर वय विचारलं, ताईंनी पंचावन्न सांगितलं. जीभ एवढीशीही अडखळली नाही.

रिपोर्ट नेहमीप्रमाणे रेडिओवाल्यांच्या फोनवर आला. ते रिपोर्ट वाचत तो मोठ्याने, आणि प्रत्येक आकड्याला "हं" म्हणत, जणू बिघाड कुठल्या पार्टमध्ये आहे ते शोधताहेत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की लिव्हरवर व्रण साचलेत का, याचा अंदाज रक्तातल्या साध्या आकड्यांवरूनच बांधता येतो. ताईंचा अंदाज आला होता दोन पूर्णांक एकोणसाठ. धोक्याची रेषा दोन पूर्णांक सदुसष्टला.

"रेषेच्या आत आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण अगदी कडेला. लिव्हरचा कडकपणा मोजायचं मशीन आहे, त्याच्यावर तपासून घेऊ. मात्र रांग फार आहे हो. रेषेच्या वरच्यांना आधी घ्यावं लागतं. तुमचा नंबर यायला वर्ष जाईल. तोवर वजन सांभाळा, साखर सांभाळा."

"म्हणजे काळजी नाही?" रेडिओवाल्यांनी विचारलं.

"लक्ष ठेवू," त्या म्हणाल्या.

रेडिओवाल्यांचा जीव भांड्यात पडला. बाहेर पडल्यावर त्यांनी ताईंसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून संत्री घेतली आणि घरी येईपर्यंत शीळ घातली.

आठवड्याने साखर पुन्हा तपासायची होती. ताई एकट्याच गेल्या. रक्त काढणारी बाई गप्पिष्ट होती. तिचं नाव ताईंना माहीत नव्हतं. मनात त्या तिला सुईवाली म्हणत. सुईवालीला पडदे शिवून हवे होते, त्यामुळे तिने ताईंना रक्त काढून झाल्यावरही बसवून ठेवलं. खोलीत मशीनची घरघर चालू होती आणि निळसर काचेतून येणाऱ्या उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. ताईंचे डोळे मिटायला आले होते.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तो लिव्हरचा आकडा काढतात कशावरून?"

"चार गोष्टींवरून. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की त्यातून दोन एन्झाइम रक्तात सांडतात, ते दोन. तिसरी, प्लेटलेट्स."

"त्यांचा लिव्हरशी काय संबंध?"

"आहे ना. लिव्हर कडक झालं की पोटाकडून येणारं रक्त त्यातून सहज जात नाही. मग मागे दाब वाढतो. शेजारची प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स अडवून धरते. रक्त पण आडवाटा शोधतं, अन्ननलिकेच्या शिरांत घुसतं, त्या फुगतात. एखादी फुटली तर मग धावाधाव." सुईवालीने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. "म्हणून प्लेटलेट्स उतरायला लागल्या की आमचे कान टवकारतात. तुमच्या जरा कमीच आहेत, पण फार नाहीत."

"आणि चौथी गोष्ट?"

"वय. वयाने गुणायचं असतं."

ताईंचे डोळे उघडले. "गुणायचं?"

"हो. व्रण साचायला वर्षं लागतात ना. जितकं वय जास्त, तितका आकडा वर."

"आणि वय चुकलं तर?"

सुईवाली खळखळून हसली. "तर आकडा चुकेल! पण स्वतःचं वय कोण चुकवतंय, ताई?"

 ताई कशाबशा उठल्या आणि पडद्याचं माप विचारायचं विसरून बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच विसरल्या.

घरी येऊन त्यांनी कापायच्या टेबलावर खडू घेतला. गुणाकार भागाकार त्यांना शाळेत जमले नव्हते, पण पंचावन्न इंची खिडकीला इतकं कापड, तर त्रेसष्ट इंचीला किती, हे त्या झोपेत सांगू शकत. तसंच केलं. निळ्या कापडाच्या कडेला पांढऱ्या खडूने आकडा उतरला: जवळजवळ तीन. रेषेच्या वर. त्यांनी पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. तळहाताने खडू पुसला तर हात पांढरा झाला आणि कापडावर धुकं राहिलं.

पलीकडे रेडिओ खरखरत होता. ताई मशीनवर बसल्या आणि सवयीने नाटकघरात गेल्या. पण त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं. मखमल पसरलेली होती आणि तिच्या खालून काहीतरी फुगत होतं, हळूहळू, आवाज न करता, पाण्याने भरत जावं तसं. त्या एका टोकाला बसून टाके घालत होत्या आणि टाके उसवत होते. मुलींना हाक मारावी तर एकीचंही नाव आठवेना. दचकून त्या जाग्या झाल्या तेव्हा सुई बोटात शिरली होती.

पुढचे काही दिवस त्या अशाच तरंगत होत्या. कुणाच्या तरी घरी शिडीवर उभ्या आहेत, खालची बाई काहीतरी विचारते आहे, आणि ताई आपल्या छातीमागच्या शिरांचा कानोसा घेताहेत. दुखत काहीच नव्हतं. या आजाराचा हाच तर दुष्टपणा, की तो कडी वाजवत नाही. डॉक्टरीणबाईंना गुपचूप सांगावं, असं शंभरदा मनात आलं. पण नवा रिपोर्ट नवऱ्याच्याच फोनवर येणार आणि नवरा तो मोठ्याने वाचणार. नाहीच सांगितलं तर? वर्षभर रांगेत मागे उभं राहायचं. कदाचित काही होणारही नाही. कदाचित होईल. एका पारड्यात जीव आणि दुसऱ्यात एकतीस वर्षांपूर्वीची एक गप्प बसलेली मुलगी. खरं म्हणजे तुलनाच नको, पण तो माणूस आपल्याकडे आता कसा बघेल, या एका विचाराने ताईंची पाचावर धारण बसे. त्यांना मरणाची भीती वाटत होती आणि त्याच्या नजरेची जरा जास्तच वाटत होती. माणूस असाच असतो, त्याला इलाज नाही.

शेवटी एका दुपारी त्या उठल्या आणि पलीकडच्या दुकानात गेल्या. रेडिओवाले भिंगातून एका तारेकडे बघत होते.

"अहो, जरा ऐकता का?"

"बोल ना. हात अडकलाय, कान मोकळे आहेत."

"माझं वय त्रेसष्ट आहे."

"हं," ते म्हणाले, रिपोर्ट वाचताना म्हणत तसं. मग त्यांनी भिंग काढलं. "काय?"

ताईंनी सगळं सांगितलं. आई, थोरल्या वन्सं, तो आकडा, आपलं गप्प बसणं. मग सुईवाली, गुणाकार, खडू. बोलताना त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. रेडिओवाल्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. 

"म्हणजे मी लहान," ते अखेर म्हणाले. "पाच वर्षांनी लहान. आणि मी तुला पोर म्हणत आलो."

ताईंना हसू फुटायला आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते घशातच विरलं. रेडिओवाले उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. दुकान उघडं टाकून. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

ताई त्यांच्या स्टुलावर बसून राहिल्या. एक म्हातारा रेडिओ घ्यायला आला, त्याला उद्या या म्हणून सांगितलं. ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. दिवे लागायच्या सुमाराला रेडिओवाले परत आले आणि दारातच उभे राहिले. डोळे लाल होते.

"खोटं बोललीस त्याचा राग नाही मला," ते म्हणाले. "म्हणजे आहे, पण तो जाईल. दुसरंच आहे. मी तुला कधी सांगितलं नाही, पण मी मनात सगळं बसवून ठेवलं होतं. मी तीन वर्षांनी मोठा. त्यात बायका जास्त जगतात. म्हणजे मी जाईन तेव्हा तू असशील. मला एकट्याला राहता येत नाही गं. साधा भात शिजवून खाववत नाही तू नसलीस की. मी आपला निर्धास्त होतो. आणि आज तू येऊन सांगतेस की आठ वर्षं नाहीतच. मागची गेली तर जाऊ देत. माझी पुढची गेली ना."

 ताईंना रडू फुटलं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीची भीती बाळगली, त्या जागी हे निघालं होतं.

"उद्या सकाळी जायचं," नाक पुसत ते म्हणाले. "पहिल्या बसने."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ताई तोंड उघडणार तोच रेडिओवाले बोलले. "हिचं वय त्रेसष्ट आहे. आमच्याकडून चूक झाली." आमच्याकडून, असं म्हणाले. ताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, कसली चूक ते विचारलं नाही, आणि आकडा नव्याने काढला. मग फोन उचलून मशीनसाठी तारीख घेतली. त्याच महिन्यातली.

मशीनवर कडकपणा निघाला, आणि चांगलाच निघाला. मग घशातून दुर्बीण घालून बघायचं ठरलं. घशात बधिर करायचा फवारा मारला, गुंगीचं औषध दिलं, आणि ताई कुठेतरी लाल अंधारात उतरत गेल्या. तिथे भीती नव्हती. मऊ काहीतरी होतं, गालाला लागत होतं, आणि लांबून कुणीतरी गुणगुणत होतं. जाग आली तेव्हा रेडिओवाले उशाशी बसले होते.

"अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून फुटलेल्या नाहीत. आतला दाब कमी करायच्या गोळ्या आजपासून सुरू करायच्या. चुकवायच्या नाहीत. साखर आणि वजन आवाक्यात ठेवलंत, वेळेवर येत राहिलात, तर बरीच वर्षं नीट जाऊ शकतात."

"वर्षभर थांबलो असतो तर?" रेडिओवाल्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण आता कळलं ते बरं झालं."

बस थांब्यावरून घर फार लांब नव्हतं. संध्याकाळचा उजेड रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून परत फिरत होता आणि त्यातले कितीतरी पडदे ताईंच्या हातचे होते. औषधाची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. पाय जमिनीला लागताहेत की नाहीत, असं होत होतं. रेडिओवाल्यांनी त्यांचा दंड धरला होता. 

"एक सांग," मग ते म्हणाले. "चोविसाव्या वर्षी तू कुठे होतीस? खऱ्या चोविसाव्या."

ताई थांबल्या. घसा अजून बधिरच होता, शब्द जाडेभरडे निघत होते.

"एका नाटकघरात. पडदा शिवत होते. लाल होता."

"केवढा?"

"तुम्हाला खरं नाही वाटणार."

"सांग तर. आता सगळं खरंच वाटणार मला."

मग त्या सांगू लागल्या. तो पडदा, रांगणाऱ्या मुली, त्यातली एक झोपेत गाणं म्हणायची ती, बेकरीवाल्याने वरच्या खोलीचं भाडं शिवणकामात फेडू दिलं ते, आणि नदीच्या थंडगार पाण्यात पहिल्यांदा पाय सुटले तेव्हा किती ओरडल्या ते. रेडिओवाले मध्येच विचारत, मध्येच "हं" म्हणत, आणि त्या मुलींची नावं विचारली तेव्हा ताईंना एकेक आठवू लागली. बोलता बोलता घर आलं. रेडिओवाल्यांनी खिशातून किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि परत खिशात टाकली. दोघं तशीच पुढे चालत राहिली. अजून सहा वर्षं सांगायची राहिली होती.